शकूच्या वीस गुंठ्यांतली शेवंती

२ जुलै २००४, शुक्रवार

लागण झाली. सकाळी सातला विश्रांतवाडीहून निघालो, येरवड्याला बस बदलून वाघोली, ते दुपारी तीनपर्यंत चिखलात. शेवंतीच्या काशा लावल्या. काशा म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं. हा शब्द मला बासष्टाव्या वर्षी कळला. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये छत्तीस वर्षं सुट्या भागांची नावं पाठ केली, त्यांतलं एकही आता कामाचं नाही.

शकू पुढे, मी मागे. तिने खड्डा करायचा, मी काशी ठेवायची, माती परत तिनेच दाबायची, कारण माझी दाबलेली तिला पटत नाही. माझ्या मनात भुजंगप्रयात चालू होतं, त्या ठेक्यावर पावलं पडत होती, म्हणून सातवी रांग वाकडी गेली. श. म्हणाली, "अहो, कविता नंतर. दोरी धरा."

वीस गुंठे. सातबाऱ्यावर तिचं नाव. वाघोलीतल्या तिच्या वयाच्या सगळ्या बहिणींनी भावांना हक्क सोडून दिले, तिनेही दिला होता. तिच्या भावाला मूलबाळ नव्हतं, जाताना तो हा तुकडा तिच्या नावावर करून गेला. गेल्या वर्षी तलाठ्याकडून उतारा मिळाला, तर घडी घालेना. मांडीवर सपाट धरून बसली, वाघोली ते विश्रांतवाडी.

कंबर गेली आहे. पण काय दिवस.

११ जुलै, रविवार

उघडीप. बांधावर बबनराव. श.च्या माहेरच्या आळीतले, लगतचं रान त्यांचं. तिला आक्का म्हणतात, म्हणून मी आपोआप दाजी.

"दाजी, गुलछडी लावायची व्हती. कंद टाकला की तीन वर्सं बघायला नगं. शेवंतीचे लई लाड करावे लागत्यात."

श.चंही मे महिन्यात हेच म्हणणं होतं. मीच हटून बसलो. चार दिवस तोंड पाडून. शेवटी ती म्हणाली, "लावा तुमची शेवंती, पण जेवा."

कारण कुणाला सांगण्यासारखं नाही. सातवीत कवितेला गुरुजी होते, चाल लावून शिकवायचे. माझा आवाज त्यांना आवडे. दाराजवळच्या बाकावरून मला उभं करून म्हणायला लावत, सगळा वर्ग गप्प. त्यांच्या अंगणात पिवळी शेवंती होती. घरी त्यांनी कधी बोलावलं नाही, आणि आमच्या वस्तीतल्या पोरानं तिथं जायचं नसतं हे न सांगता ठाऊक होतं. कुंपणाबाहेर उभा राहायचो. वास रस्त्यापर्यंत यायचा.

आपल्या पूर्वेला प्लॉटिंग झालंय. तारेचं कुंपण, फक्कीच्या रेघा, बोर्ड. आत माणूस नाही. कमरेएवढं गवत, त्यावर बारीक पांढरी फुलं, तांदूळ उधळल्यासारखी. मी म्हटलं, छान दिसतंय. श. खुरपत होती, मान वर न करता म्हणाली, "गाजरगवत आहे ते. खडकी विसरलात वाटतं."

३ ऑगस्ट

शेंडे खुडले. शेंडा खुडला की झाड बाजूने फुटतं, फुलं वाढतात. मला ते जिवावर येतं, वर जाणाऱ्याला असं मधेच. माझ्या तीन रांगा होईपर्यंत श.च्या अकरा झाल्या. तिचा अंगठा नि पहिलं बोट हिरवं-काळं पडलं, राखेने घासलं तरी जाईना.

परतताना बसमध्ये तिच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या. म्हटलं काय झालं. "ऊन लागलं." ऊन नव्हतं आज.

१९ ऑगस्ट

पापण्या. आता मानेवरही, हाताच्या कोपरांच्या खळग्यात. खोबरेल लावते. "खाणीची धूळ आहे," म्हणते. वाघोलीला खडीच्या गाड्या दिवसभर, खोटंही नाही.

खडकी मी विसरलो नव्हतो. क्वार्टर्समागचं मैदान, मिलिंद नुकता चालायला लागला होता. गाजरगवत उपटायला कॉलनीने श्रमदान काढलं, बायका पुढे, श. सगळ्यांत पुढे. रात्री मान लाल. महिनाभर होतं. दवाखान्याने पांढरं मलम दिलं होतं, मग आमची बदली दुसऱ्या ब्लॉकमध्ये झाली नि ते थांबलं.

विसरलो नव्हतो. आठवलं नव्हतं असं म्हणू.

२२ ऑगस्ट, रविवार

मिलिंद आणि आमची सून प्रज्ञा गाडी घेऊन आले, औंधहून थेट शेतावर. मिलिंदने बूट काढले नाहीत, बांधावरूनच बघितलं. "बाबा, तुम्ही दोघांनी केलं हे सगळं? अमेझिंग." फोनवर दोन वेळा ऑफिस. रविवारी.

प्रज्ञाच्या लक्षात आलं. "आई, हे अॅलर्जीसारखं वाटतंय. स्किनच्या डॉक्टरांना दाखवू या ना."

श.: "दसरा होऊ दे."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी रांगा मोजत होतो.

१४ सप्टेंबर

श.ने माझा जुना फुलशर्ट चढवला, बाह्या मनगटापर्यंत, डोक्याला टॉवेल. उकाडा मरणाचा. विचारलं तर म्हणे काम करताना साडीचा पदर आड येतो. मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता.

एक सांगून टाकतो इथे, दुसरीकडे कुठे सांगणार. ती शर्टात, टॉवेलात वाकलेली होती, मागे ढग खाली आलेले, आणि मला ओळ सुचली. तिची पाठ आणि ढग यांवर. दुसरी ओळ जुळेना म्हणून अर्धा तास बांधावर बसलो होतो. ती काम करत होती.

३ ऑक्टोबर, रविवार

कळ्या. हरभऱ्याएवढ्या, हिरव्या, टोकाला पिवळं दिसेल न दिसेल इतकं. मी पहिली बघितली. श.ला हाक मारली, ती आली, डोळे बारीक करून (सुजेमुळे) बघितलं आणि हसली. बऱ्याच दिवसांनी.

"खडकीत दर बदलीला कुंड्या शेजाऱ्यांना देऊन यायचे," म्हणाली. "ह्या कुणाला द्यायच्या नाहीत."

९ ऑक्टोबर

पहिली तोड. साडेसहाला शेतावर. दव होतं. श.चे हात दोन्हीकडून चालतात, देठ बोटात आला की कट्, फूल ओच्यात. मी एकेक बघून तोडतो. तिच्या दोन करंड्या झाल्या, माझी पाव. बबनरावांच्या टेम्पोने माल मार्केट यार्डात गेला, अडत्या म्हणाला फूल टपोरं आहे, दसऱ्याला अजून द्या.

पहिली ओंजळ घरी. बुद्धमूर्तीपुढे श.ने स्वतः मांडली, मी वंदना म्हटली. रोज मूठभर आणायची, तिने मांडायची, असं ठरलं. घर भरून वास. मी बऱ्याच वेळा श्वास घेतला.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या दसरा. तीन दिवस तोड. श. काल संध्याकाळी शेवटच्या रांगेत खाली बसली ती उठेना. दम लागला होता. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. बबनरावांनी पाणी दिलं, म्हणाले, "आक्का, तुजं तोंड बघ आरशात. दाजी, तुमाला दिसत न्हाई का?"

दिसतंय. दिसत होतं.

२७ ऑक्टोबर

प्रज्ञाने अपॉइंटमेंट घेतली. डेक्कनला त्वचेचे डॉक्टर. श.च्या पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या, प्रत्येकीखाली वेगवेगळ्या झाडाचा अर्क. दोन दिवस अंघोळ नाही, घाम यायचा नाही. घरी आल्यापासून पंख्याखाली पालथी. फोनवर बबनरावांना विचारत होती, पाणी दिलं का.

२९ ऑक्टोबर

निकाल. पट्ट्या काढल्या, पाठीवर चौकोन. गाजरगवताचा सगळ्यांत मोठा, फोडासारखा. त्याच्याखाली शेवंती. झेंडूही.

डॉक्टर तरुण, सभ्य. "आजी, हे सगळं एकच घराणं आहे. गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, सख्खे-चुलत. मूळ दुखणं तुमचं गवताचं, जुनं. शेवंतीने ते परत उठवलं. गवताचे कण वाऱ्यावर येतात, म्हणून पापण्या, मान, आणि आता छाती. शेतावर जायचं नाही."

श.: "किती दिवस?"

"जायचं नाही," ते परत म्हणाले, आवाज न बदलता.

रिक्षाने घरी. संगमवाडी पूल ओलांडल्यावर म्हणाली, "शेतावरच्या उंदरांना औषध घालायचं राहिलंय." एवढंच.

गुलछडी त्या घराण्यातली नाही. मी डॉक्टरांना विचारलं. नाही म्हणाले.

१ नोव्हेंबर, सोमवार

मी एकटा गेलो. बबनरावांच्या घरातल्या दोघीजणी तोडीला. त्या चांगलं करतात, पण त्यांना श.सारखी झाडं ओळखीची नाहीत. मलाही नाहीत. दहाव्या रांगेतलं तिसरं झाड उशिरा फुलतं, त्याला अजून दोन दिवस द्या, असं सांगून पाठवलं होतं तिने. खरंच उशिरा फुलतं.

घरी आल्यावर दारातच चौकशी. कोणती रांग. पिवळ्यापेक्षा पांढरी कशी. मावा दिसला का. मी सांगत गेलो, ती माझा शर्ट हातात घेऊन उभी, खुंटीला लावायचा राहिला तिच्याकडून, इतकी ऐकत होती. मूठभर फुलं आणली होती, ती घेऊन मूर्तीकडे गेली.

९ नोव्हेंबर

दहा दिवस झाले शेतावर न जाऊन, उतार नाही. मलम आहे, गोळ्या आहेत, गोळ्यांनी ती दुपारी झोपते नि उठल्यावर स्वतःवरच चिडते. डॉक्टर म्हणाले, वारा शहरातही येतो, विश्रांतवाडीतही मोकळे प्लॉट आहेत. खिडक्या बंद ठेवा.

खिडक्या बंद. दिवाळी तोंडावर, सगळीकडे रोषणाई, आमच्याकडे पडदे.

१२ नोव्हेंबर

मी प्लॉटमध्ये शिरलो. गवत उपटायला. आपल्या बांधालगतचं निदान पन्नास फूट तरी. प्लॅस्टिकचा रेनकोट, हातमोजे, तोंडाला रुमाल. चार तासांत दोन प्लॉटही झाले नाहीत. मग रखवालदार आला, नवीन ठेवलाय.

"अंदर किसको पूछके आए?"

"गवत उपटतोय."

"क्यों?"

कुठून सुरुवात करणार. गुरुजींपासून केली असती.

कुंपणाबाहेर काढलं त्याने. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, साहेब लोगों से चिट्ठी लाओ.

२१ नोव्हेंबर, रविवार

मिलिंद आला. बोर्डावरच्या नंबरला फोन लावला होता त्याने. ज्याने प्लॉट पाडले तो म्हणतो, आमचा संबंध संपला, सगळे विकले गेले. आपल्या बांधाला लागून असलेला एक कुणी सॅन होजेला असतो. मिलिंदने त्याला ई-मेल केला, आईची परिस्थिती लिहून, दोन परिच्छेद. उत्तर आलं: 'नोटेड.'

"तेवढंच?" मी.

"बिझी असतात, बाबा, लोक."

मी म्हटलं, जमीन घ्यायची, वर्षानुवर्षं तोंड बघायचं नाही, कसली माणसं ही. मिलिंद खाली बघत होता. प्रज्ञा त्याच्याकडे. मग म्हणाला, "माझाही एक आहे, बाबा. लोणीकंदच्या पुढे. चौघा मित्रांनी मिळून घेतलाय, इन्व्हेस्टमेंट म्हणून. सांगणार होतो. रजिस्ट्रेशननंतर गेलोच नाही तिकडे."

श. आतून पोहे घेऊन आली, तिने सगळं ऐकलं होतं. बशी त्याच्यापुढे ठेवली. "मग तिथं कुणाची तरी बायको खाजवत बसली असेल. खा."

मिलिंद हसायला गेला, जमलं नाही.

२९ नोव्हेंबर

मला ताप. गेलो नाही शेतावर. बबनराव बघतायत.

३ डिसेंबर

ताप उतरला, थकवा आहे. अंथरुणातून श.ला बघतो. आज तिच्या पापण्यांना सुरकुत्या दिसल्या. म्हणजे सूज गेली. मानेचा रंगही निवळला आहे. म्हटलं, बरं वाटतंय ना? "तुम्ही घरात आहात म्हणून असेल," म्हणाली, टोमणा की काय कळलं नाही.

५ डिसेंबर

उद्या सहा डिसेंबर. विहारासाठी बबनरावांनी टेम्पोतून पांढऱ्या शेवंतीची करंडी पाठवली, न सांगता, चांगल्या मनाने. हॉलमध्ये ठेवली. श. संध्याकाळपासून तिच्याजवळ बसून निवडत होती, किडकी बाजूला, टपोरी वर. गुणगुणत होती. मी बघत राहिलो, सुखाने.

७ डिसेंबर

चेहरा सुजून डोळे मिटले. सकाळी दम. डॉक्टरांकडे नेलं, इंजेक्शन. दुपारी ती झोपल्यावर ही वही घेतली, मागची पानं चाळली. स्टोअरची सवय, आवक एका बाजूला लिहायची, जावक दुसऱ्या. फुलं घरात आली ते दिवस एकीकडे, तिचं अंग दुसरीकडे. ९ ऑक्टो. पासून रोज मूठभर. मी आजारी पडल्यावर नाही. तेवढेच दिवस उतार.

तिला शेतापासून तोडलं आणि शेत रोज ओंजळीत धरून तिच्याकडे आणलं. माझे कपडे, तेही तिच्याच हातात. मूर्तीपुढची फुलं तिच्याच बोटांनी. वंदना मी म्हणत होतो, बाजूला बसून, खड्या आवाजात.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात फुलं असतात का. मी म्हटलं होतं, पूजेपुरती.

८ डिसेंबर

विचारलं तिला. कुकर लावत होती. "तुझ्या लक्षात आलं होतं?"

शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला.

"शकू."

"दुसऱ्या आठवड्यात आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तेवढंच तर येत होतं माझ्याकडे."

एरवी कशावरही दोन ओळी सुचतात.

मूर्तीपुढे आता मेणबत्ती आणि पाणी. कपडे मी जिन्यात बदलतो. शेजारचे बघतात.

१९ डिसेंबर, रविवार

श. पुष्कळ बरी. छातीतला आवाज नाही. घरात हिंडते, भांडी घासते, परत घासते. काल दुपारी बाल्कनीत उभी, तिसऱ्या मजल्यावरून खालच्या माळ्याला सांगत होती की गुलाबाला पाणी वरून मारू नको. त्याला ऐकू जात नव्हतं. ती सांगत होती.

मिलिंद म्हणतो, आई औंधला येऊन राहू दे, सातव्या मजल्यावर काही येत नाही. श. म्हणाली, "सातव्या मजल्यावर मी करू काय?" तो म्हणाला, "आराम." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विषय बदलला.

२ जानेवारी २००५, रविवार

बहर संपला. आता झाडं काढायची, पण काही बुंधे राखायचे असतात, पुढच्या पावसाळ्याला त्यांच्याच काशा लागतात. बबनरावांनी विचारलं, "मातृझाडं किती ठेवू?" हा एक शब्द ते पुस्तकातला बोलतात.

घरी विचारलं. श. म्हणाली, "एक रांग ठेवा. पहिली."

मी म्हटलं, नको. सगळी काढू.

"एक रांग माझ्या अंगाला काय करणार आहे? मी जाते कुठे तिथं?"

"जाशील."

ती उठून आत गेली. बरोबर बोललो होतो, म्हणूनच.

८ जानेवारी

आठवडाभर बोलणं कामापुरतं. मीठ, चावी, बस. तिचं म्हणणं मला कळतं, तिने न सांगता. माझ्या हट्टाने लावली ही शेवंती, आणि आता काढणारही मीच. जमीन तिची, नाव तिचं, अंगही तिचं. माझं त्यात काय आहे, एका गुरुजींच्या अंगणाचा वास.

पण तो दम मी ऐकलाय.

१० जानेवारी, सोमवार

काढली. सगळी, पहिली रांगसुद्धा. बबनराव म्हणाले आक्काला विचारलंत का, मी हो म्हटलं. विचारलं तर होतंच. बुंधे सुकलेले, तरी प्रत्येकाच्या बुडाशी हिरवी पिल्लं दिसत होती, दोन-दोन, तीन-तीन. ती बघायची नाहीत असं ठरवून उपटत गेलो. बबनराव आपल्या रानाला म्हणून काही नेणार होते, मी हात जोडले. त्यांच्या रानावरूनही वारा आपल्याकडेच येतो. सगळं खड्ड्यात घातलं, माती लोटली.

घरी येऊन सांगितलं. खोटं बोलायचं मनात होतं, नाही बोललो.

"बरं," म्हणाली.

तीन वेळा लिहून खोडलं, त्या 'बरं'वर काही लिहिता येत नाही.

२३ जानेवारी

श. सकाळी स्वतःहून: "डॉक्टरांना फोन लावा." मी लावला, बोलली तीच. गुलछडीचं विचारलं. मग शेजारच्या प्लॉटचं. पलीकडून बराच वेळ काहीतरी. ती हं, हं करत होती. फोन ठेवून म्हणाली, "फुलाचं चालेल म्हणतात. गवताचं ते सांगू शकत नाहीत. गेलीच तर अंग झाकून, पहिल्या खेपेला अर्धा तास, आणि दुसऱ्या दिवशी पापण्या बघायच्या."

"त्यांनी जा म्हटलं?"

"जाऊ नका म्हटलं. मग मी विचारलं, गेलेच तर."

६ फेब्रुवारी, रविवार

गेलो. मिलिंदच्या गाडीतून, चौघं. काचा बंद. निघायच्या आधी प्रज्ञाने श.ला स्कार्फ बांधला, स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा, कपाळ नाक तोंड सगळं आत, फक्त डोळे. त्यावर गॉगल. हातात कोपरापर्यंत पांढरे मोजे, आतून सुती. जिन्यात शेजारीण विचारत होती कॉलेजला निघालात का. श. आतून म्हणाली, "हो, नापास झाले होते."

सॅन होजेवाल्याचं गवत तसंच, उलट वाढलंय, फुलावर. वारा मंद, पण त्याच बाजूचा. बबनराव बांधावर उभे, आक्काला ओळखेनात. ओळखल्यावर डोळे पुसायला लागले, श. म्हणाली, "बबन, मी मेलेली नाही, बांधलेली आहे."

वीस गुंठे नांगरून पडलेले, कुठे हिरवं नाही. मला वाटलं ती पहिल्या रांगेच्या जागी जाईल. गेली नाही. मधोमध जाऊन उभी राहिली, चारी बाजूंना बघितलं. इथून तिथपर्यंत गुलछडी, म्हणाली, वाफे आडवे, उभे नकोत, पाणी पळतं. पूर्वेच्या बांधाला शेवरी दाट लावायची, भिंतीसारखी, वारा अडेल तेवढा अडेल. मला विचारलं नाही. मिलिंदला म्हणाली, "तुझ्या लोणीकंदच्या प्लॉटवर पुढच्या रविवारी जाऊन गवत उपटून ये. चौघं मित्र जा." तो म्हणाला, "आई, मला मीटिंग..." आणि मग, "हो."

वीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघत होतो, प्रज्ञाही. तेवढ्यात श. खाली बसली. मला दचकायला झालं, पण दम नव्हता. तिने उजव्या हाताचा मोजा ओढून काढला, एक बोट, मग दुसरं, आणि उघडा हात ढेकळात घातला, मनगटापर्यंत. ओल कुठवर आहे ते बघत असेल. बराच वेळ बघत होती.

मोजा घाल म्हणायला तोंड उघडलं होतं. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

आल्यावर तिचा स्कार्फ नि मोजे जिन्यातच काढून बादलीत टाकले, अंघोळ, मलम. आता साडेसात झालेत, ती कागदावर वाफ्यांच्या रेघा ओढतेय. नाकाचा शेंडा एकदा खाजवला. एकदाच, मी बघत होतो. उद्या सकाळी ती उठायच्या आधी पडदा सारायचा आणि पापण्या बघायच्या.